सदोष नोंदणी पाटीची बदली : नियम, राज्ये आणि खर्चाचा भार

वाहनावरील नोंदणी पाटीचे पैसे वाहनधारक देतो. परंतु तिच्यावरील क्रमांक ही शासनाने दिलेली ओळख असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१(६) अन्वये नोंदणी प्राधिकारी हा क्रमांक देतो, तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० नुसार तो वाहनाच्या पुढे व मागे स्पष्ट आणि वाचनीय स्वरूपात असावा लागतो. पाटी खासगी पैशाची आणि ओळख सार्वजनिक, या दुहेरी स्वरूपामुळे पाटी सदोष निघाली की ती कोणी, कोठे आणि कोणाच्या खर्चाने बदलावयाची, हा प्रश्न दिसतो तितका साधा राहत नाही.

यंत्रचलित वाहने हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत (नोंद ३५) आहे. वाहनांवरील कर मात्र राज्यसूचीत (नोंद ५७) येतात. परीक्षार्थींची येथे अनेकदा गल्लत होते. पाटीचे तांत्रिक निकष केंद्र शासनाने ठरविले. पुरवठादाराची निवड, जुन्या वाहनांसाठीचे दर, मुदती आणि दंडाची वसुली या बाबी प्रत्यक्षात राज्यांकडे राहिल्या. एकाच देशात एकाच प्रकारच्या पाटीसाठी निरनिराळे दर आढळतात, त्याचे मूळ या विभागणीत आहे.

पूर्वी पाटी रंगविणे हा रस्त्याकडेच्या रंगाऱ्याचा व्यवसाय होता. अक्षर पुसट झाले की पाच मिनिटांत नवे रंगविले जाई. सोय मोठी होती. चोरीच्या वाहनाला खोटा क्रमांक लावण्याचीही तितकीच मोठी सोय होती. २८ मार्च २००१ च्या अधिसूचनेने उच्च सुरक्षा नोंदणी पाटी नियमांत आली. एक मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पाटी, चक्राचे चित्र असलेला क्रोमियमचा होलोग्राम, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक आणि एकदा तोडल्यावर पुन्हा न वापरता येणारे स्नॅप लॉक ही तिची वैशिष्ट्ये होत. परावर्तक आवरण किमान पाच वर्षे टिकेल, अशी हमीही नियमातच आहे.

बदलीसंबंधीची महत्त्वाची तरतूद ऑगस्ट २००१ च्या आदेशात आढळते. जुनी पाटी जमा करून नष्ट केल्याची खात्री झाल्यावरच नवी द्यावी आणि दिलेल्या पाट्यांच्या नोंदी परिवहन कार्यालयाच्या नोंदींशी वेळोवेळी ताडून पाहाव्यात, असे तो आदेश सांगतो. फाटकी नोट बँकेत जमा केल्यावरच तिच्या बदल्यात नवी मिळते, तत्त्व तेच. एका क्रमांकाच्या दोन अस्सल पाट्या चलनात राहिल्या, तर साऱ्या योजनेचा हेतूच विफल होईल. पाटी चोरीस गेली असेल, तर जमा करण्यास काहीच नसते. म्हणून तेथे पोलिसांतील तक्रारीची प्रत मागितली जाते.

मात्र नोटेची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. मळलेली नोट बदलताना नागरिकाला शुल्क द्यावे लागत नाही. पाटी बदलताना सामान्यतः द्यावे लागते. शिवाय ती कोणत्याही दुकानातून घेता येत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत वाहनधारक हा बांधील ग्राहक ठरतो. नग लवकर खराब झाल्याने उत्पादकाची विक्रीच वाढणार असेल, तर गुणवत्ता राखण्याची प्रेरणा क्षीण होते. पाच वर्षांच्या हमीला येथे खरे मोल आहे. आवरण टिकाऊ आहे की नाही, हे पाटी बसविताना ग्राहकास कळत नाही, उत्पादकास ते ठाऊक असते. माहितीच्या या विषमतेवर हमी हा उपाय आहे, कारण ती दोषाचा खर्च दोष टाळू शकणाऱ्यावर टाकते.

म्हणूनच ‘सदोष’ आणि ‘खराब झालेली’ या दोन पाट्यांत भेद करणे आवश्यक आहे. अपघातात वाकलेल्या पाटीचा खर्च वाहनधारकाने सोसणे रास्त होय. परंतु आवरण तिसऱ्याच वर्षी सुटू लागले, तर तो उत्पादनातील दोष आहे. वाहनधारकाची अडचण अशी की, रस्त्यावरील पोलिसाला केवळ न वाचता येणारा क्रमांक दिसतो. ज्या अपराधांसाठी स्वतंत्र शिक्षा नाही, त्यांना लागू होणाऱ्या कलम १७७ मधील पहिल्या अपराधाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने १०० रुपयांवरून ५०० रुपये झाला. दोष उत्पादकाचा आणि दंड वाहनधारकाला, असा हा विपर्यास आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सदोष वस्तू बदलून देण्याचा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. पण काहीशे रुपयांच्या पाटीसाठी आयोगाची पायरी कोण चढणार?

पुरवठ्याची रचनाही वादग्रस्त ठरली. संपूर्ण राज्यासाठी एकच पुरवठादार नेमण्याच्या निविदा अटींना नोंदणी पाटी उत्पादकांच्या संघटनेने आव्हान दिले; ३० नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी वैध ठरविल्या. पुढे मनिंदरजीत सिंग बिट्टा यांच्या याचिकेत न्यायालयाला २०११ व २०१२ मध्ये दिरंगाई करणाऱ्या राज्यांना खडसवावे लागले. डिसेंबर २०१८ च्या दुरुस्तीने दिशा बदलली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनाबरोबर पाटी देण्याची जबाबदारी वाहन उत्पादकावर आली आणि नोंद ‘वाहन’ या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीशी जोडली गेली. वाहन उत्पादकाला आपले नाव जपावयाचे असते. त्यामुळे हमीचे पालन होण्याची शक्यता येथे अधिक.

जुन्या वाहनांचे तसे नाही. महाराष्ट्राने तीन विभाग करून प्रत्येकी एक पुरवठादार नेमला. वस्तू व सेवा कर वगळता दुचाकीसाठी ४५०, तीनचाकीसाठी ५०० आणि मोटारीसाठी ७४५ रुपये दर ठरले. दर इतर राज्यांपेक्षा जास्त असल्याची टीका झाली, शासनाने ती अमान्य केली आणि ३१ मार्च २०२५ ची मुदत त्या वर्षात वारंवार वाढवावी लागली. चर्चा दरावरच खिळून राहिली. पुरवठादाराचे कंत्राट हमीच्या पाच वर्षांआधी संपले, तर सदोष पाटी विनामूल्य कोण बदलून देणार, ही बाब दराहून अधिक महत्त्वाची आहे. कंत्राट संपल्यानंतरही हमीची मुदत पुरी होईपर्यंत पुरवठादाराच्या अनामतीचा काही भाग रोखून ठेवणे, हा सार्वजनिक बांधकामांत रुळलेला उपाय आहे. पाट्यांच्या कंत्राटातही तो अंतर्भूत करता येईल.