प्रीअँपची घरघर

प्रश्न : जुन्या एल.पी. तबकड्यांसाठी घरीच प्रीअँप जोडला. गाणे उत्तम लागते. पण मागे अखंड घरघर येते. आय.सी. बदलावा काय?

उत्तर : आय.सी.वर तूर्त ठपका ठेवू नये. चुंबकीय कार्ट्रिजकडून येणारा संकेत अवघा चार-पाच मिलिव्होल्टचा असतो, आणि त्याला सुमारे 100 पट वाढविण्याची कामगिरी ज्या मंडलाकडे सोपवायची, त्याने शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची 50 हर्ट्झची कुजबुजही तितक्याच इमानाने वाढवावी, यात त्याचा कसूर तो काय! शिवाय मुद्रणसमयी दाबलेले मंद्र स्वर आर.आय.ए.ए. प्रमाणानुसार येथे पुनश्च उचलावे लागतात. 50 हर्ट्झपाशी ही उचल 1000 हर्ट्झच्या मानाने सुमारे सातपट, म्हणजे घरघरीला आयतेच सिंहासन.

प्रथम टर्नटेबलची वायर काढून इनपुटची मधली पिन तिच्या बाहेरील कड्याशी जोडून पाहावी. घरघर थांबली, तर दोष बाहेरचा; बहुधा टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर लोंबकळत राहिली असेल. न थांबल्यास सर्व अर्थ-जोडण्या एकाच बिंदूवर आणाव्यात आणि ट्रान्सफॉर्मरची रवानगी हातभर दूर, निराळ्या पेटीत करावी. माझ्या पहिल्या यंत्रात फिल्टर कपॅसिटर आणि इनपुट यांची अर्थ मी एकाच तारेवर घेतली होती. ते उमजेपर्यंत तीन रविवार खर्ची पडले.

एक विनंती : घरघर घालविण्यासाठी प्लगची तिसरी पिन कदापि काढू नका, धातूच्या पेटीला अर्थिंग असलेच पाहिजे.