हळदीचे हात

सातारा,
रविवार, रात्री

चिरंजीव बाळास,


फोनच करणार होते. पण फोनवर मी आधी रागावते आणि मग रडते, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून पत्र.

तुझी पलूसची मावशी काल लग्नाच्या निमित्ताने आली होती. तुझं कौतुक करता करता सहज सांगून गेली. सांगलीच्या मार्केट यार्डात पहाटे हळदीच्या गाड्या खाली करून एक पोरगा तुझ्या तासाला येतो. परवा यायला उशीर झाला, हात कोपरापर्यंत पिवळे, सदरा पिवळा. तू म्हणालास, "काय नवरदेव, हळद लागली, वरात कधी?" सगळा वर्ग हसला. "बाळचा तास म्हणजे पोरं खूश असतात हो," असं मावशी म्हणाली. आणि उठता उठता म्हणाली, तो पोरगा मात्र त्या दिवसापासून आलेला नाही.

बाळ, तो आला का रे परत?

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या कुणी मास्तराने हे केलं असतं तर मी चार शब्द बोलून गप्प बसले असते. पण तू दादाचा मुलगा. तुझ्या घरात आलेलं पहिलं पुस्तक कर्मवीर अण्णांच्या कमवा आणि शिका योजनेच्या पैशांचं आहे. अण्णांचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुक आपल्या शिवाराला लागून, त्यामुळे लहानपणी अण्णांच्या गोष्टी आपल्याकडे घरातल्या माणसाच्या असाव्यात तशा सांगायचे. नांगर विकायला गावोगाव हिंडलेला हा माणूस. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला संस्था साताऱ्यात आणली, सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात घेतली, एका पंगतीला बसवली. त्या पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा गेलं. १९२७ साली गांधीजी येऊन त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव देऊन गेले. हे सगळं तुला पाठ आहे, भाषणात बक्षीसही मिळालंय तुला. मला एवढंच विचारायचंय, की त्या पंगतीत बसलेल्या पोरांचे हात कसे असतील? शेणाचे, मातीचे, सरपणाने खरचटलेलेच ना? पोरगा दमलेला येणार, मळलेला येणार, हे धरूनच अण्णांनी सगळं मांडलं होतं. फी नाही तर काम कर, पण शीक. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेही याच हिशेबाने. कॅलिफोर्नियातली आपली पमी तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात जाते. हॉटेलात भांडी घासून आलेली, पन्नाशीची माणसंही तिच्या वर्गात असतात, म्हणे. पमीला त्याचं फार नवल वाटलं होतं. मला नाही वाटलं. दादा त्याच रांगेतला.

आता एक गोष्ट सांगते, ती तुझ्या आईलाही माहीत नाही.

१९७४ साल असेल. दादा शिवाजी कॉलेजात होता, मी साताऱ्यातच शाळेत. एकदा मैत्रिणींबरोबर कॉलेजचं गॅदरिंग बघायला गेले. आवारात काही पोरं बागेचे वाफे खणत होती. त्यात दादा. खाकी हाफपँट, गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावरचा घाम मनगटाने पुसत होता. मला बघून त्याने कुदळ टेकवली आणि हाक मारली, "चिमे!" मी मान फिरवली. मैत्रिणीने विचारलं, कोण गं तो? मी म्हणाले, "आमच्या गावाकडचा गडी आहे."

त्याने ऐकलं. मला ठाऊक आहे, कारण त्याने दुसरी हाक मारली नाही.

त्या महिन्याच्या शेवटी त्याने मला कंपासपेटी आणून दिली. बागेतल्या कामाच्या पैशातली. कर्कटकाला अजून दुकानातलं तेल होतं. माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "भूमितीत मार्क पाड." त्या दिवसाचा विषय त्याने पुढे कधीच काढला नाही, मीही काढला नाही. तू झालास तेव्हा काढीन म्हटलं, त्याच्या साठीला काढीन म्हटलं. तो जाऊन आता तीन वर्षं झाली. पेटी कपाटात आहे, झाकण गंजलंय.

म्हणून तुला पुन्हा विचारते, तो पोरगा आला का?

रागाने लिहायला बसले होते, आता राग राहिला नाही. तुझंही मला कळतं रे. सेट परीक्षा पास होऊन चार वर्षं झाली, अजून तासिका तत्त्वावर. पगार कधी येईल ते सांगता येत नाही, लग्नाचं कुणी विचारलं की तू गच्चीवर जाऊन उभा राहतोस. वर्ग हसला की आपण कुणीतरी आहोत असं वाटत असेल. तू वाईट नाहीस. लहानपणी बैलाच्या खांद्याला गळू झालं तर शेजारी पोतं टाकून झोपणारा तू.

यार्ड तुझ्या खोलीपासून गाडीवर दहा मिनिटं. पहाटे जा. सगळ्यांसमोर माफीबिफी मागू नकोस, तो आणखी लाजेल. चहा पाज. बुडालेल्या तासांच्या नोट्स घेऊन जा आणि त्याला सोयीची वेळ विचार. काय बोलावं सुचलं नाही, तर तुझे पप्पा काय काम करून शिकले ते सांग. नाव विचारायला विसरू नकोस, मावशीला त्याचं नाव सांगता आलं नाही.

कंदी पेढे आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. पेढ्यांचे दोन पुडे आहेत, एक त्याचा. चटणी तू खा, बाहेरचं खाऊन वाळलायस असं मावशी म्हणत होती. आणि तो भेटला की मला फोन कर. पहाट असली तरी कर, मी जागीच असते. या वेळी रागावणार नाही.

तुझी,
आत्या