शिवारपाठ : आधी कोणते काम?

पाणलोटाचा पाठ पुस्तकातून शिकवून संपतो. परंतु गावात प्रत्यक्ष कामाची वेळ आली म्हणजे आधी कोणते काम हाती घ्यावे, यावरूनच वाद पडतो. ओढ्याकाठचा बागाईतदार सिमेंटचा बंधारा मागतो. माळावरचा कोरडवाहू शेतकरी बांधबंदिस्ती मागतो. मेंढपाळास चराईबंदीची धास्ती असते, आणि जिच्या डोक्यावर हंडा, त्या बाईला कोणी विचारीतच नाही. हा वाद वर्गात आणावा.

आरंभ हिशेबाने करावा. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी होते. ५०० मिलिमीटर पावसाच्या गावी दर हेक्टरी ५० लाख लिटर. मुलांना हा आकडा खरा वाटत नाही. गुणाकार त्यांच्याकडूनच करवून घ्यावा.

नंतर शिवारफेरी काढावी. ती माथ्यापासून निघावी, कारण पाणी व माती दोन्ही तेथूनच सुटतात. उघड्या उतारावर समतल चर नसतील तर खालचा बंधारा लवकरच गाळाने भरतो. जुन्या बंधाऱ्याच्या गाळात काठी रोवून हे दाखवावे; नुसत्या सांगण्याने ते ठसत नाही.

फेरीनंतर शाळेच्या अंगणात रांगोळीने शिवाराचा नकाशा काढून ग्रामस्थांस बोलवावे. प्रत्येकास दहा चिंचोके द्यावेत व समतल चर, बांधबंदिस्ती, दगडी बांध, बंधारा, विहीर पुनर्भरण या कामांवर आपल्या मताप्रमाणे ठेवण्यास सांगावे. (चिंचोके नसल्यास खडे चालतील.) बागाईतदार, कोरडवाहू, मेंढपाळ, भूमिहीन व स्त्रिया यांची मोजणी निराळी करावी; एकत्र मोजल्यास मोठ्या गटाचे मत तेच गावाचे मत ठरते. जेथे आकडे जुळत नाहीत, तेथे थांबून कारण विचारावे. मेंढपाळाने चरांवर एकही चिंचोका ठेवला नसेल, तर त्याचे जनावर कोठे चरणार हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. डोंगराचा एकेक भाग आळीपाळीने राखणे, ही एक तोड होय.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव १९९४ साली आदर्श गाव योजनेत आले. तेथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचे बंधन ग्रामसभेने स्वीकारले. पुढे पावसाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची रीत पडली. त्यात पिण्याचे पाणी प्रथम येते.

मोजणीचा तक्ता मुलांनी सुवाच्य लिहून ग्रामसभेपूर्वी सरपंचांकडे द्यावा. शिक्षकाने आपले चिंचोके मात्र ठेवू नयेत. त्याची बदली होते, शिवार तेथेच राहते.