गव्हास वरखत केव्हा द्यावे?

खत किती घालावे हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ते केव्हा घालावे याचा विचार थोडेच करतात. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाचे उदाहरण घेऊन आपण हा विषय पाहू.

स्फुरद व पालाश जमिनीत फारसे हलत नाहीत. म्हणून ते पेरणीच्या वेळीच द्यावे. नत्राची गोष्ट निराळी. ते पाण्याबरोबर खोल उतरते, आणि युरिया उघडा पडून राहिल्यास त्याचा काही अंश वायुरूपाने उडून जातो. कोवळ्या रोपास सर्व नत्र एकदम घेता येत नाही. याकरिता हेक्टरी १२० किलो नत्रापैकी अर्धे पेरताना व अर्धे सुमारे २१ दिवसांनी द्यावे.

एकविसावा दिवसच का? या सुमारास गव्हास मुकुटमुळे फुटतात व फुटव्यांस आरंभ होतो. आणि जितके सशक्त फुटवे, तितक्या ओंब्या. तेव्हा खुरपणी करून युरिया द्यावा व लगेच पाणी सोडावे. एकरी हा हप्ता सुमारे ५२ किलो युरियाचा, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीहून थोडा अधिक होतो.

ओंब्या बाहेर पडल्यावर पीक फिके दिसते म्हणून युरिया फेकल्यास पाने काही काळ हिरवी दिसतील, परंतु ओंब्यांची संख्या वाढणार नाही. कर्ज काढून आणलेली गोणी अशी व्यर्थ जाऊ नये. यास्तव आमची विनंती इतकीच की, पेरणीची तारीख घरात लिहून ठेवावी व तेथून दिवस मोजावे.