खांदेरीचा किल्ला आणि दीप

कृष्णाकाठी, सातारा-सांगलीच्या परिसरात वाढणाऱ्या विद्यार्थ्याला समुद्र बहुधा पाठ्यपुस्तकातच प्रथम भेटतो. तथापि साताऱ्याच्या राजकारणाचा एक धागा थेट अरबी समुद्रातील खांदेरी बेटापर्यंत पोचतो. थळच्या किनाऱ्यापासून सुमारे पाच व मुंबईच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर हे बेट आहे.

मुंबई बंदराच्या वाटेवरील या खडकाचे मोल शिवछत्रपतींनी ओळखले. १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांनी तेथे तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी जहाजे आणून नाकेबंदी केली. पण रात्रीच्या अंधारात लहान होड्या रसद नेतच राहिल्या आणि काम थांबले नाही. पुढे बाळाजी विश्वनाथांच्या शिष्टाईने कान्होजी आंग्रे साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर चालून गेला, त्याला हात हलवीत परतावे लागले.

आपल्या बहुतेक पाठांत बेटाची कथा पेशवाईबरोबरच संपते. वस्तुतः तिचा उत्तरार्ध तितकाच उद्बोधक आहे. ब्रिटिश अंमलात किल्ल्याच्या तोफा निरुपयोगी ठरल्या. खडक मात्र जागचा हलला नाही, आणि मुंबईकडे येणाऱ्या जहाजांची संख्या वाढत होती. म्हणून १८६७ मध्ये, सुएझ कालवा खुला होण्याच्या दोन वर्षे आधी, तेथे अष्टकोनी मनोऱ्याचे दीपगृह उभे राहिले. जहाजे रोखण्यासाठी बांधलेल्या तटाच्या आतून जहाजांना वाट दाखविली जाऊ लागली.

दीपगृह म्हणजे केवळ उंचावरचा दिवा नव्हे. प्रत्येकाच्या प्रकाशाची लय निराळी असते. किती सेकंदांनी झोत दिसतो हे मोजून नाविक सूचीशी ताडतो आणि आपण कोठे आहोत हे ठरवितो. वर्गात खिडक्या लावून विजेरीने हा प्रयोग सहज करता येतो. दोन विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या अंतराने विजेरी लावावी, तिसऱ्याने मोजून दीप ओळखावा.

आज हे दीपगृह कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाबरोबर खांदेरीही आहे. सागरी मार्गदर्शन साधनांच्या २०२१ च्या कायद्यात वारसा दीपगृहांचीही तरतूद आहे. प्रतापगडावर सहल नेणाऱ्या शिक्षकांनी त्याच यादीतील हे बेट नकाशावर दाखवावे, आणि तट व मनोरा यांच्या वयातील १८८ वर्षांचे अंतर विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे.