अ‍ॅम्पचा स्विच बदलताना

स्नेहसंमेलनाच्या आदल्या आठवड्यात आमच्या नेरुळच्या शाळेतला गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर चालू होईना. फ्यूज ठीक, वायर ठीक. मागचा स्विच दाबला की लाल दिवा कधी लागे, कधी नाही. आठवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, स्विच बंदच आहे ना? मग उघडून बघतो की!" आजचा पाठ त्याच्या या वाक्यावर आहे.

स्विच बंद असला तरी पिन बोर्डात असेपर्यंत 230 व्होल्ट स्विचच्या टोकापर्यंत येऊन थांबलेले असतात. म्हणजे आपण हात लावणार तीच जागा सर्वांत धोक्याची. म्हणून पिन काढून सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवायची. दुसरी भानगड आतल्या कपॅसिटरची. ते वीज साठवतात आणि पिन काढल्यावरही काही वेळ धरून ठेवतात. जुन्या पद्धतीच्या ट्यूबवाल्या अ‍ॅम्पमध्ये हा दाब 300-400 व्होल्टपर्यंत सहज असतो. तसला अ‍ॅम्प घरी किंवा वर्गात उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमचा लहान ट्रान्झिस्टरचा होता, तरी शाळेचे वायरमन दादा शेजारी बसले होते. मुलांनी बघायचं, हात मोठ्यांचे.

स्विच खराब का होतो? अ‍ॅम्प चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर बराच जास्त करंट ओढतो. स्विचच्या आत बारीक ठिणगी पडते आणि पत्रे काळे पडत जातात. त्यात आपली खाडीकाठची दमट हवा. जुना स्विच फोडून मुलांना दाखवा, लगेच समजतं.

नवा घ्यायला जाताना जुना खिशात टाका. वाशीत मिळाला नाही तर ग्रँट रोडजवळचं लॅमिंग्टन रोड आहेच. '250 व्होल्ट एसी' लिहिलेलं आणि अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त, एवढं पाहायचं. गाडीचा 12 व्होल्टचा स्विच अगदी तसाच दिसतो, तो चालणार नाही. जुन्याला चार टोकं असतील तर चारचाच घ्या. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. आपल्याकडच्या एक्स्टेंशन बोर्डात या दोन वायरी उलट जोडलेल्या सर्रास सापडतात. तिथे एकच वायर तोडणारा स्विच न्यूट्रल तोडतो, आणि बंद अ‍ॅम्पच्या पोटात फेज तसाच राहतो!

काढण्याआधी मोबाइलवर फोटो. मग एकेक वायर काढून लगेच नव्या स्विचच्या त्याच टोकाला लावायची. फेज लाल किंवा तपकिरी, न्यूट्रल काळी किंवा निळी, अर्थिंग हिरवी. पण नुसत्या रंगावर विश्वास नको, फोटो बघा. हिरवी वायर स्विचमधून कधीच जात नाही, ती पेटीच्या पत्र्याला घट्ट हवी.

पहिल्यांदा चालू करताना वायरमन दादांनी 60 वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावला. (एलईडी इथे उपयोगाचा नाही.) बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशात जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. आमचा मंद झाला, तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या.

पालकांनो, एक मात्र घरी आजच तपासा. घूं आवाज येतो म्हणून काही जण अर्थिंगची पिन कापून टाकतात. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. आत फेज पत्र्याला टेकला आणि अर्थिंग नसेल, तर तो मुलाच्या बोटांपर्यंत येतो. दुसऱ्या हाताने माइक धरला की संपलंच. आवाज येत असेल तर अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

वापरताना आधी केबल, मग व्हॉल्यूम शून्यावर, मग स्विच. बंद करतानाही व्हॉल्यूम आधी खाली. नाहीतर 'धप्प' आवाजाने स्पीकरला धक्का बसतो.

संमेलनात अ‍ॅम्प छान वाजला. तो आठवीतला मुलगा पहिल्या गाण्याआधी बोर्डाजवळ जाऊन पिनचे तिन्ही पाय मोजून आला.