निमाडचा कापूस आणि छायाचित्रकार

मध्य प्रदेशात कापूस मुख्यत्वे निमाडात पिकतो. खरगोन, खंडवा, बडवानी व बऱ्हाणपूर या जिल्ह्यांतील काळी जमीन त्यास मानवते. वेचणीच्या दिवसांत तेथे गेलेला छायाचित्रकार निळ्या आकाशाखाली फुटलेले पांढरे बोंड टिपल्यावाचून सहसा परतत नाही. चित्र सुरेख येते. कृषिप्रचाराच्या कामी मात्र ते फारसे उपयोगी पडत नाही. प्रचारपत्रकातील चित्राकडे शेतकरी 'असे करावे' या भावनेने पाहतो.

वेचणीचेच उदाहरण घ्यावे. सकाळचा तिरपा प्रकाश छायाचित्रास फार अनुकूल. परंतु त्या वेळी बोंडांवर दव असते. ओला कापूस वेचून साठविल्यास तो पिवळट पडतो व त्याची प्रत उतरते. म्हणून दव उडाल्यावरच वेचणी सुरू करावयाची असते. प्रकाशाच्या लोभाने मजूर स्त्रियांना पहाटे शेतात उभे करून घेतलेले चित्र कितीही देखणे असले तरी चुकीचा धडा देते. दुपार कलल्यानंतरचा प्रकाशही तिरपाच असतो, आणि तेव्हा खरीखुरी वेचणी चालू असते. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना ओरखडतात. ते हातही चित्रात यावयास हवेत.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करडे मानून चालतो. त्यामुळे चौकट कापसाने भरली की कापूस मळकट दिसतो. अशा वेळी एक ते दीड स्टॉप प्रकाश वाढवावा; तंतू दिसेनासे होऊ लागल्यास थोडे मागे यावे. मोबाइलवरही प्रकाश असाच कमीअधिक करता येतो.

सर्वाधिक उपयोगाचे चित्र मात्र पांढऱ्या कापसाचे नव्हेच. बीटी कापसास 2002 साली मान्यता मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्यातील विषास दाद देईनाशी झाली. ही अळी फुलात शिरून पाकळ्या आतून जखडते व फूल उमलत नाही. हीच डोमकळी. निरोगी फूल व डोमकळी एकाच चौकटीत शेजारी शेजारी दाखवावीत, म्हणजे फरक चटकन ध्यानी येतो. कपाशीचे फूल पहिल्या दिवशी दुधट व दुसऱ्या दिवशी गुलाबी असते. हा रंगबदल रोग नव्हे, हे चित्राखालील ओळीत सांगावे. किडके हिरवे बोंड बाहेरून निकोप दिसते. ते चिरूनच टिपले पाहिजे.

वेचणीनंतरच्या शेताकडे कॅमेरा क्वचितच वळतो. वास्तविक इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत, जिची स्थापना 1924 साली झाली, अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी याच पऱ्हाटीला मोल मिळवून दिले. टणक पऱ्हाटी शेतरस्त्यांवर पसरीत. गाड्यांच्या चाकांखाली ती चुरली की कंपोस्टात घालीत. ही पद्धत 1931 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीवरील किडक्या बोंडांत बोंडअळी पुढील हंगामापर्यंत तग धरते. यास्तव वेळीच उपटलेल्या व बारीक केलेल्या पऱ्हाटीचे चित्र वेचणीच्या चित्राशेजारीच छापले जावे.